कणीक आणि डांबर

मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात हे वारकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. भजनाला बसण्याआधी मृदंगमणी मूठभर कणीक घेतो, पाण्याचा हात लावून मळतो आणि पुडीच्या मधोमध थापतो. ती नसेल तर डावी बाजू रिकाम्या डब्यासारखी वाजते. कणकेचे वजन आणि ओल चामड्याची थरथर आवरून धरतात, सूर खाली उतरतो आणि छातीत घुमणारा तो भरीव आवाज निघतो. एवढे सगळ्यांना ठाऊक असते. भजन संपल्यावर काय होते, तिकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. मंडळी प्रसादाला उठतात, टाळ पिशवीत जातात, आणि मृदंगमणी मागे बसून बोथट पट्टीने ती कणीक खरवडून काढतो. ओलसर फडक्याने पुडी पुसतो. कणीक तशीच राहिली तर वाळून दगड होते, चामडे ओढते आणि खाली ओल कोंडून पुडी खराब होते. म्हणून नेम असा की रोज लावायची आणि रोज काढायची.

हा नेम मी वळ गावच्या भजनात वीसेक वर्षे पाळत आलो आहे. वडीलधाऱ्यांनी सांगितला म्हणून पाळला. त्यातले मर्म मला उमगले ते एका जुन्या गाडीखाली उताणा पडून डांबर खरवडताना.

वळ हे भिवंडी तालुक्यातले गाव. माणकोलीहून अंजूरफाट्याकडे येताना लागते. आमच्या आजोबांच्या वेळी भाताची शेते आणि खाडीची मासळी ह्यांवर गाव जगत होते. आता नजर जाईल तिकडे गोदामांचे पत्रे दिसतात. देशभर जाणारा माल इथे उतरतो आणि इथूनच चढतो. दिवसरात्र कंटेनर चालू असतात. रस्त्यावर सात-आठ महिने धूळ आणि पावसाळ्यात चिखल. शिवाय खाडी जवळ, त्यामुळे हवेत खार. लोखंडाला अशी हवा मानवत नाही. आमच्याकडे दाराच्या बिजागऱ्यासुद्धा घाटावरच्या घरांपेक्षा लवकर खातात.

गाडी म्हणजे चुलत्यांनी १९९८ साली घेतलेली टाटा सुमो. सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरे घेऊन कंपनीने ह्या गाडीला नाव दिले होते, हे चुलते प्रत्येक नव्या माणसाला कौतुकाने सांगत. लग्नकार्य, दवाखाना, बाजार हे सगळे त्या गाडीने केले. पण तिचे खरे काम आषाढात. दिंडीबरोबर येऊन ज्यांना आता चालवत नाही अशी चार-पाच वृद्ध माणसे, औषधांची पेटी आणि पडशा घेऊन ती पुढच्या मुक्कामाला जाते. चुलते गेल्यावरही हे काम थांबले नाही. चालकाच्या मागच्या रांगेत डाव्या खिडकीची जागा काकींची. चुलत्यांनी घेतलेल्या गाडीत त्या दुसरीकडे कुठे बसत नाहीत.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. आमची २०१३ आणि २०१८ साली झाली होती, २०२३ साली पुन्हा पाळी आली. त्या उन्हाळ्याच्या तोंडावर गाडीत कुबट वास येऊ लागला. पाऊस थांबून चार महिने झाले होते, तरी मॅट उचलून हात लावला तर खालचा नमदा ओला.

नमद्याच्या खाली डांबरी थर होता. पुष्कळ गाड्यांच्या तळाला, दारांना असे थर दिलेले असतात. गाडीचा पत्रा पातळ असतो. इंजिनाच्या आणि चाकांच्या हादऱ्याने तो टाळासारखा नादू लागतो. टाळ वाजवून लगेच मुठीत धरला तर नाद तिथल्या तिथे मरतो, हे आपण रोज करतो. हाताच्या मऊ मांसात थरथर जिरते आणि तिची थोडीशी ऊब होऊन जाते. डांबराचा थर म्हणजे पत्र्यावर कायमचा ठेवलेला असाच हात. आमच्या गाडीत चुलत्यांच्या काळी एका गॅरेजने आतून हे थर चिकटवले होते आणि बाहेरून, तळाला, रबरासारखा काळा लेप फवारला होता. थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते मीठ गाडीचा तळ खाते, म्हणून तिकडे असल्या लेपांचा धंदा वाढला. आमच्याकडे मीठ खाडीच्या वाऱ्यावर आपणहून येते, तेव्हा लेप देण्यात गैर काही नव्हते. पण त्या गॅरेजने तळ धुऊन पुरता वाळू न देता लेप फवारला. दारांच्या आणि उंबऱ्याच्या खाली पाणी जाण्यासाठी जी बारीक भोके ठेवलेली असतात, तीही त्यात बुजून गेली. पाण्याला आत यायला वाट होती, बाहेर जायला नव्हती.

घरात दोन मते पडली. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, जुन्यावर नवा काळा लेप मारून घेऊ, दोन तासांचे काम आहे, तळ नव्यासारखा दिसेल आणि तपासणी होऊन जाईल; पुढच्या वर्षी भंगारात द्यायची की नाही ते पाहू. त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. हातात वेळ नव्हता आणि पैसाही बेताचाच होता. मी एवढेच म्हणालो की आत काय आहे ते पाहिल्याशिवाय ह्या गाडीत माणसे बसवायची नाहीत. सुमोच्या तळाखाली जाड चासी असते, त्यामुळे तळ गेला तरी गाडी धावत राहते. पण बाकांचे बोल्ट आणि पट्ट्यांचे खिळे त्या पत्र्यातच बसवलेले असतात. माणसाचा भार शेवटी त्या पत्र्यावरच येतो.

भिवंडीचे एक वयस्कर डेंटर आमच्या ओळखीचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. तरुणपणी ते यंत्रमागावर होते. शेकडो मागांच्या खटखटीत दिवस काढलेल्या माणसाचे कान जसे होतात तसे त्यांचे झाले आहेत; मोठ्याने बोलल्याखेरीज ऐकू जात नाही. ते आले, बाके उतरवून घेतली, नमदा काढून उन्हात टाकला आणि छोटी हातोडी घेऊन गुडघ्यावर बसले. उजव्या हाताने ठोकायचे आणि डाव्या हाताची बोटे शेजारी टेकवून ठेवायची. चांगला पत्रा ठणकतो, कुजका थबथबतो. त्यांना हा फरक बोटांतून कळतो. पण डांबरावर ठोकले की चांगला आणि वाईट एकाच आवाजात बोलत होते. तीन-चार ठिकाणी ठोकून त्यांनी हातोडी खाली ठेवली. ‘पहले इसको बोलने दो,’ म्हणाले. म्हणजे आधी हे वरचे सगळे काढा, मग मी सांगतो.

आतले डांबरी थर काढायला आम्ही कोरडा बर्फ आणला. हा बर्फ पाण्याचा नसतो, गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. त्याचे तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास, आणि तो वितळून पाणी न होता थेट वाफेसारखा हवेत जातो. कापडी पिशवीत घालून थरावर पसरला आणि दहा-पंधरा मिनिटे थांबलो. मऊ, चिवट डांबर काचेसारखे कडक झाले. थंडीने डांबर आणि पत्रा सारखे आकसत नाहीत, म्हणून दोघांतली पकड सुटते. हातोडीने हलके टिचकावले की थराच्या खपल्या उडायच्या, आणि पट्टी खाली घातली की तळहाताएवढे तुकडे सुटून यायचे. दिवसभराचे खरवडणे तासाभरात झाले. मात्र हा बर्फ उघड्या हाताने धरला तर कातडी जाळतो, आणि त्याचा वायू जड असल्याने गाडीच्या तळाशी साचतो. म्हणून जाड हातमोजे घातले, चारही दारे उघडी ठेवली आणि बर्फ असेपर्यंत कोणी आत डोके घातले नाही.

खालच्या लेपाला ही युक्ती चालली नाही. तो रबरी, उभ्या-आडव्या कोपऱ्यांत भरलेला. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता चार भक्कम स्टँडवर घेतली. गरम हवेच्या बंदुकीने वीतभर जागा ऊन करायची, धूर निघायच्या आधी थांबायचे आणि पट्टीने ओढायचे. की पुढची वीतभर जागा. गॅसची ज्योत लावली असती तर काम झटपट झाले असते, पण वर डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि तारा होत्या. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावायलाही चाचांनी बंदी केली. जुन्या काळच्या काही लेपांत ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असत, आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. नक्की माहीत नसताना धूळ उडवायची नाही, जागा ओलसर ठेवून हातानेच काढायचे, तोंडावर चांगला मास्क आणि डोळ्यांवर चष्मा. शेवटी जो चिकट काळा डाग उरतो तो टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसला. निघालेल्या मळाच्या तीन गोण्या भरल्या. त्या जाळल्या नाहीत, खाडीत किंवा नाल्यात टाकल्या नाहीत. चाचांच्या गॅरेजचा तेलकट कचरा जिथे जातो तिथे पाठवल्या.

आता ह्या सगळ्यातली मला विचारात पाडणारी गोष्ट सांगतो. जिथे लेप फाटला होता, सोलून लोंबत होता, दिसायला अगदी वाईट होता, तिथला पत्रा बहुतेक चांगला निघाला. वर तांबूस पापुद्रा, घासल्यावर खाली लखलखीत लोखंड. तिथे पाणी आले तसे उन्हावाऱ्याने वाळूनही गेले होते. आणि जिथे लेप अखंड, गुळगुळीत, चुलतभावाने बोट ठेवून ‘इथे तर काहीच झालेले नाही’ म्हणावे असा होता, तिथे पट्टी लावताच सबंध पापुद्रा सुटला आणि मागोमाग लोखंडाचा तपकिरी भुगा गळाला. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. एखाद्या बारीक छिद्रातून पाणी शिरले, गंज धरला, तो फुगला, त्याने लेप आतून उचलला; मग दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पाणी त्या फटीत आणखी आत ओढले गेले. बाहेरून काही दिसत नव्हते. लेप पत्र्याला धरून नव्हताच, नुसता त्याच्या आकाराचा उभा होता.

सगळे मोकळे झाल्यावर चाचांनी पुन्हा हातोडी घेतली. उजवीकडून सुरुवात केली. ठण, ठण, ठण. खडूने बरोबरच्या खुणा होत गेल्या. डाव्या बाजूला काकींच्या बाकाच्या मागच्या बोल्टाशी आले आणि आवाज बसला. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवून जरासा दाबला. तो मुठीपर्यंत खाली गेला आणि खालून अंगणातली माती दिसली. त्या बोल्टाला धरून ठेवणारे वीतभर लोखंड उरलेच नव्हते. इतके दिवस बाक डांबरावर आणि बाकीच्या बोल्टांवर भरवसा ठेवून उभा होता. काकी ओट्यावरून पाहत होत्या. कोणी काही बोलले नाही. चुलतभाऊ उठला आणि वेल्डिंगचा सेट आणायला स्वतः गेला.

पुढचे काम सांगायला थोडे आहे, करायला पुष्कळ. भोकावर वरून ठिगळ मारले नाही. चांगला ठणकणारा पत्रा लागेपर्यंत कुजका भाग कापत नेला. बॅटरी सोडवून, टाकी उतरवून ठेवून १८ गेजचा नवा पत्रा वेल्ड केला आणि बोल्टाखाली जाड पट्टी दिली. उघडे लोखंड आमच्या हवेत एका रात्रीत तांबडे होते, म्हणून घासलेल्या भागाला त्याच दिवशी संध्याकाळच्या आत प्रायमर लागला. मग सांध्यांत सीलर, त्यावर रंग, आणि तळाला पातळ, पारदर्शक मेणाचा हात. त्यातून पत्रा दिसत राहतो. उद्या कुठे तांबूस झाले तर लगेच नजरेस येते. आवाजासाठी नव्या प्रकारच्या पट्ट्या पत्र्याच्या फक्त मधोमध लावल्या. पत्र्याची थरथर मधल्या भागात जास्त असते, त्यामुळे चौथा हिस्सा झाकला तरी बरीचशी गुणगुण थांबते. कडा, सांधे आणि भोके उघडी ठेवली. चासी ठोकून झाली, ती ठणठणीत होती.

खरवडत असताना मनात मृदंगाची पुडी सारखी येत होती. कणीकही आवाज दाबते आणि डांबरही दाबते. दोन्हींचे काम एकच, आणि ते काम उपयोगाचेच आहे. नुसत्या कोरड्या पुडीवर भजन होत नाही, आणि नुसत्या पत्र्यावर बसून आळंदी ते पंढरी कोणी जाऊ शकत नाही. फरक एवढाच की कणीक लावतानाच ती काढायची आहे हे ठरलेले असते. रोज रात्री पुडी उघडी होते, बोट फिरते, कुठे चीर आहे, कुठे वादी सैल आहे हे कळते. डांबर लावणारा मात्र ‘आता पाहायला नको’ म्हणून लावतो. झाकण्यात दोष नाही. पुन्हा कधी उघडायचेच नाही अशा रीतीने झाकण्यात आहे.

घराघरांतून आपण असले लेप पाहतो. दोन भावांत वाटणीवरून एकदा बिनसते. चार वडीलधारी मध्ये पडतात, वाद नको म्हणून विषय मिटवतात. ते बरोबरच असते. त्या दिवशी शांतता लागतेच. पण मग वर्षानुवर्षे तो विषय कोणी उघडत नाही. सणाला सगळे एका पंगतीत, बोलणे गोड, बाहेरून पाहणाऱ्याला घर अखंड दिसते. आणि जे रागावून दोन शब्द बोलतात, भांडतात, त्यांच्या घरची पोपडी उडालेली दिसते म्हणून लोक त्यांना नावे ठेवतात. गाडीखालून बाहेर आल्यापासून मी त्या भांडणाऱ्या घरांबद्दल जरा सावकाश बोलतो. तिथली ओल कदाचित वाळत असेल. आमच्या पट्ट्यात जमिनींचे भाव चढले तसे हे लेप फार जाड झाले आहेत, हे वळ-पूर्णा-राहनाळकडच्या माणसाला समजावून सांगायला नको.

स्वतःच्या मनाचेही तेच. दुःखाच्या दिवशी नाम घेतले की मनाची थरथर आवरते, आणि ती आवरली पाहिजे. पण आवरलेल्या मनाने पुढे कधीतरी बसून, नेमके काय दुखत होते ते ठोकून पाहायला हवे. काकींनी चुलत्यांच्या मागे तीन वर्षे डोळ्यांतून पाणी काढले नव्हते. घरात सगळे त्यांच्या धीराचे कौतुक करत होते. त्या दिवशी वीतभर भोकातून खालची माती दिसली, आणि चाचा गेल्यावर त्या ओट्यावर बसून खूप रडल्या. मला वाटले, गाडी मोडली म्हणून. त्या म्हणाल्या, हे दरसाल मॅट उचलून बघायचे. चुलते होते तेव्हा ते बघत असत. ते गेल्यापासून कोणी उचललीच नव्हती.

तपासणी वेळेत झाली. २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला होती. गाडी वारीला गेली. आता ती पहिल्यासारखी गुपचूप चालत नाही. सासवड सोडून जेजुरीच्या रस्त्याला लागलो तेव्हा चाकाखालची खडी उडून तळाला लागली की खणकन वाजायचे. मागे बसलेल्या एका आजोबांनी कुरकुर केली. त्यावर काकी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, ‘येवदे आवाज. गारी चालते ते तरी कलतं.’

दरसाल रोहिण्या सरत आल्या, मृगाचे ढग दिसू लागले, की चुलतभाऊ आणि मी मॅट उचलून उन्हात टाकतो. हातोडी घेऊन तळभर ठोकतो. दारांखालच्या भोकांतून तार फिरवतो आणि वरून तांब्याभर पाणी सोडतो. ते खालून जमिनीवर पडलेले दिसले, की मग पडशा गाडीत चढतात.